नावाचा रकाना

“सापडलं, गुरुजी,” अण्णाजी म्हणाले, आणि मी इतक्या घाईनं उठलो की माझा चष्मा त्या उघड्या रजिस्टरवर पडला.

अल्लीपूरच्या ग्रामपंचायतीत सकाळी अकरा वाजल्यापासून आम्ही दोघं जुन्या जन्मनोंदी चाळत बसलो होतो. अण्णाजी तिथले कारकून, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मी सारखी घाई करत होतो आणि ते शांतपणे बोट ओलं करून एकेक पान उलटत होते. अखेर त्यांनी बोट ठेवलं ती ओळ अशी होती: सतरा नोव्हेंबर एकोणीसशे चौऱ्याण्णव. स्त्री. वडील नानाजी, राहणार नाचणगाव. आई आनंदाबाई. मुलीच्या नावाचा रकाना कोरा. त्यात नवल काही नव्हतं. बारशाच्या आधीच नोंद होते, नाव मागाहून टाकायचं असतं, आणि ते टाकायला पुन्हा कोणी फिरकत नाही.

मी बोटांवर मोजलं. एक सप्टेंबर दोन हजार चोवीसला एकोणतीस वर्षं साडेनऊ महिने. तिशीच्या आत. म्हणजे जया जाणार! सत्तराव्या वर्षी माणसानं उड्या मारू नयेत हे मला कळतं, म्हणून मारली नाही, एवढंच.

आनंदाबाई, म्हणजे जयाची आई, बाहेर पायरीवर बसल्या होत्या. अल्लीपूर त्यांचं माहेर, तरी इथं यायला त्या तयारच नव्हत्या. तिथं काही भेटणार नाही, उगीच तिकिटाचा खर्च, असं सकाळपासून चारदा म्हणाल्या होत्या, आणि कचेरीत पाऊल टाकायला तर साफ नाही म्हणाल्या. मी धावत बाहेर आलो आणि त्यांना बातमी सांगितली. त्यांनी मान वर केली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“गुरुजी, ते जया नाई.”

“नाई कशी? तुमचं नाव हाये, नानाजीचं हाये.”

“आमचंच हाये. पन ते जया नाई. ते पहिली.”

आता थोडं मागचं सांगायला हवं. त्यात माझी अब्रू जाईल, पण इलाज नाही.

मी मधुकर गुरुजी. नाचणगावकडच्या एका दोन शिक्षकांच्या शाळेत एकतीस वर्षं घासली. अक्षर बरं, म्हणून पोरांना शाळेत दाखल करायचं रजिस्टर कायम माझ्या ताब्यात. जूनमध्ये आया पोरांना हाताला धरून आणायच्या. जन्मतारीख विचारली तर सांगायच्या, कपाशीची दुसरी वेचणी चालू होती, नाहीतर आमची लाल गाय व्यायली त्या आठवड्यात. आता लाल गायीची तारीख मी कुठून आणायची? मी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगायचो. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं, आणि मी लिहायचो, एक जून. आजही एक जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो. या गोष्टीवर मी लग्नाच्या पंगतीत लोकांना हसवत आलो. आता नाही हसवत.

दोन हजार साली आमच्या शाळेचा पट एका पोरानं कमी भरत होता. पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती, आणि दुसरा शिक्षक मीच होतो. कुठंतरी आर्वीच्या पलीकडं बदली झाली असती. शाळेच्या फाटकासमोर नानाजीचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याची साडेचार वर्षांची पोर दिवसभर फाटकाला लोंबकळून आतले पाढे ऐकायची. घरी तिला धोंडी म्हणायचे. मी तिला आत बोलावलं. तिचा हात कानापर्यंत पोचेना. मी तो हात धरून ओढला, कानाला लावला आणि लिहिलं: जया, जन्म एक जून एकोणीसशे चौऱ्याण्णव. नाव मीच ठेवलं, मला पटावर धोंडी नको होतं. नानाजी हातातला पाना पुसत म्हणाला होता, की गुरुजी, लहान आहे हो ती. मी म्हणालो, लहान पोरं लवकर शिकतात.

शिकली मात्र खरी. नर्सिंगची पदवी घेतली, वर्ध्याला नोकरी केली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नानाजी गेला. तीन महिन्यांनी ही पोरगी म्हणाली, एक संस्था नर्सा पाठवते, आफ्रिकेत मलावीला, दोन वर्षं, पगार नाही, फक्त जेवण्याराहण्यापुरतं. विधवा आईची एकुलती एक मुलगी, आणि निघाली फुकट सेवा करायला! गावात लोकांनी नाकं मुरडली. आनंदाबाईंनी मात्र एका शब्दानं अडवलं नाही. मला तेवढं नकाशात दाखवायला सांगितलं, आणि दाखवल्यावर म्हणाल्या, की हे तर बोटभर लांब आहे.

मलावीत जयाकडं बाळंतिणी असायच्या, आणि त्याहून जास्त काम होतं जन्माच्या नोंदीचं. खेड्याखेड्यांत सायकलीनं जायचं आणि झालेलं प्रत्येक लेकरू वहीत चढवायचं. तिकडंही आया लेकराचं नाव चटकन सांगत नाहीत म्हणे. दोन वर्षांनी परत आली ती काळवंडून, हडकून, पण डोळ्यांत असं काही घेऊन की मला हेवा वाटला. तिला आता हेच करायचं होतं, देशोदेशी जाऊन, जन्मभर. आणि त्यासाठी एक शिष्यवृत्ती होती. परदेशात अशी सेवा करून परतलेल्या स्वयंसेवकांसाठीच, ज्यांना पुढं विकासाच्या याच कामात राहायचं आहे त्यांच्यासाठी. इंग्लंडातल्या विद्यापीठात एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण. फी, राहणं, विमानाचं तिकीट सगळं त्यांच्याकडं. साऱ्या जगातून बारा जण घेतात.

मुलाखत झाली ती आमच्या घरी, मोबाइलवर, कारण तिच्या घरी टिनाखाली नेट धरत नाही. आमच्या मंडळींनी, यशोदाबाईंनी, तेवढा वेळ कुकरसुद्धा लावला नाही. मी दाराआडून ऐकत होतो. इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळलं, पण पोरगी अडखळली नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं, निवड झाली. मी अख्ख्या आळीत पेढे वाटले.

मार्चमध्ये दुसरं पत्र आलं. कागदपत्रं तपासली, पासपोर्टावर एक जून चौऱ्याण्णव आहे, एक सप्टेंबरला तुम्हांला तीस वर्षं तीन महिने होतात आणि अट तिशीच्या आतली आहे. जयाला वाटलं होतं, वय अर्ज करतानाचं धरतात. पत्र लिहिणारी बाई भली असावी. तिनं खाली लिहिलं होतं की काही देशांत शाळेत तारखा अंदाजानं लावतात हे आम्हांला ठाऊक आहे. जन्माच्या वेळची मूळ सरकारी नोंद चार आठवड्यांत पाठवलीत तर आम्ही ती धरू.

तारीख अंदाजानं लिहिली, असं मी जयाला तेव्हा सांगितलं. पटाचं सांगितलं नाही. नाचणगावला तिच्या जन्माची नोंद मिळाली नाही. मग माझं डोकं चाललं की पहिलं बाळंतपण माहेरी होतं. शाबासकी मी माझी मीच घेतली आणि आनंदाबाईंना ओढत अल्लीपूरला आणलं.

तर आता त्या पायरीवर बसून मला सांगत होत्या, की ते जया नाही.

माझ्याकडं न बघता, समोरच्या टपरीकडं बघत त्यांनी सगळं सांगितलं. पहिली मुलगी इथल्या दवाखान्यात झाली. त्यांच्या वडिलांना केवढा आनंद, दुसऱ्याच दिवशी जाऊन नोंद करून आले. नवव्या दिवशी पोरीनं दूध सोडलं आणि दुपारपर्यंत गेली. बारसं तीन दिवसांवर होतं, घुगऱ्यांचे हरभरे निवडून ठेवले होते. वडिलांनी आणि काकांनी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून नेली. बाळंतिणीला बाहेर कोण नेणार? कुठं पुरली ते त्यांना कोणी दाखवलं नाही, पुढं विचारायची हिंमत झाली नाही, आणि आता दाखवणारंही कोणी उरलं नाही. मग नातेवाईक बोलू लागले, की लिहायची घाई केली, म्हणून नजर लागली. दुसऱ्या खेपेला नानाजीनं बाळंतपण नाचणगावलाच घरी केलं. शहाण्णव साली, संक्रांतीच्या चार दिवस आधी जया झाली, आणि तिचं नाव त्यानं कुठंही लिहू दिलं नाही. धोंडी म्हणून हाक मारायची आणि कोणाला वय सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

“जयाले मालूम हाये?” मी विचारलं.

“कोनालेच नाई. तुमाले आज सांगून राह्यली.”

या क्षणी मी काय करायला हवं होतं? बाईच्या शेजारी दोन मिनिटं गप्प बसायला हवं होतं, दुसरं काय! मी ते केलं नाही. मी शहाण्णव सालातून वय काढलं. जया खरोखर अठ्ठावीस वर्षांची होती, अटीत अगदी नीट बसत होती. फक्त कागद चुकीचा होता, आणि तो मी चुकवला होता. इथं दुसरा कागद होता, तारीख सोयीची, आईबाप तेच, नावाचा रकाना कोरा. नाव टाकायची मुदत अजून आहे असं अण्णाजी सकाळीच बोलले होते. मी हे सगळं आनंदाबाईंना पटवायला लागलो. खोटं काहीच नाही, पोरीचं खरं वय तर याहूनही कमी आहे, आपण फक्त गुरुजींची चूक गुरुजींच्या हातानं सुधारतो आहोत. शाळेत हट्टी पोराला गणित समजावतात तशा आवाजात मी बोलत होतो. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. वर्धा यायला झालं तेव्हा त्यांनी तोंड उघडलं.

“टाकून द्या, गुरुजी, जयाचं नाव. गेलेल्या लेकराले कागद काय कामाचा.”

मला इतका आनंद झाला की स्टँडवर मी त्यांना आग्रह करकरून चहा पाजला, सोबत बिस्किटंही घेतली. त्या चहाची मला आज लाज वाटते. त्या कपाकडं बघत बसल्या होत्या, त्यावर साय धरली, आणि मी इंग्लंडातल्या थंडीबद्दल बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जया ड्युटीवरून थेट आमच्याकडं आली. आनंदाबाई आधीच येऊन यशोदाबाईंजवळ बसल्या होत्या. पुलगावच्या एका दवाखान्यात ती कंत्राटी नर्स होती, तोच पांढरा ड्रेस अंगावर. मी तिला सगळं सांगितलं, जमेल तेवढं गोड करून. ऐकताना तिनं पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. झाल्यावर आईकडं बघितलं.

“मले काऊन नाई सांगतलं?”

“काय सांगू वं माय,” आनंदाबाई म्हणाल्या. “तुले धाक वाटला असता.”

जया आईजवळ खाली बसली आणि तिचा हात हातात घेतला. मला वाटलं, झालं, निभलं. तेवढ्यात तिनं माझ्याकडं वळून विचारलं, की गुरुजी, माझी तारीख तुम्ही नेमकी कशी लिहिली होती.

मी म्हणू शकलो असतो, अंदाजानं. एकदा म्हटलंच होतं. पण यशोदाबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांना पटाची गोष्ट ठाऊक होती. मी सांगून टाकलं. एक पोर कमी होतं, माझी बदली झाली असती, तुझा हात कानापर्यंत पोचत नव्हता, मी ओढून लावला. हे सांगताना सत्तर वर्षांच्या माणसाला जेवढं लहान वाटू शकतं तेवढं मला वाटलं.

“तुमाले एक डाव आईले विचारता नाई आलं, गुरुजी?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “समोरच तं दुकान होतं. संक्रांतीच्या चार दिवस आधी. येवढंच सांगतलं असतं तिनं.”

“चुकलं माह्यं,” मी म्हणालो.

“मले जायचं हाये, गुरुजी. लय जायचं हाये मले.”

आणि ती रडली. लहानपणीसुद्धा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. छडी खाल्ली तरी हात पुढंच असायचा. रडता रडता तिनं मलावीतली एक गोष्ट सांगितली. एका बाईचं लेकरू तासाभरात गेलं. ती बाई म्हणे, याचं कशाला लिहिता, हे तर आलंच नाही. जया दोन तास तिच्या दारात बसून राहिली. आलं होतं, तासभर होतं, म्हणून लिहायचं, असं तिला समजावलं आणि वहीत चढवूनच उठली. तिच्या शिष्यवृत्तीच्या निबंधात हीच गोष्ट होती, मुलाखतीत त्या लोकांनी तिला याबद्दलच विचारलं होतं.

“आन आता मीच…” ती म्हणाली. डोळे पुसले, माझ्यापुढचा नाव टाकायचा कोरा अर्ज ओढून घेतला, पर्समधून पेन काढलं. मुलीचे नाव या शब्दांपुढं तिनं जया लिहिलं. अक्षर माझ्याच वळणाचं. उठताना यशोदाबाईंना येते म्हणाली. मला म्हणाली नाही.

मायलेकी गेल्यावर यशोदाबाईंनी मला सुनावलं, की तुम्ही आजवर शाळा वाचवली शाळा वाचवली म्हणून सांगत फिरलात, तुम्ही स्वतःची बदली वाचवली. चोवीस वर्षं त्या हे मनात धरून होत्या तर!

चार आठवड्यांतले चार दिवस उरले तेव्हा आम्ही तिघं अल्लीपूरला गेलो. एप्रिलचं ऊन, एसटीच्या खिडक्या तापलेल्या. जया वाटेत माझ्याशी दोनच वाक्यं बोलली असेल, दोन्ही कामाची. या वेळी आनंदाबाई कचेरीत आल्या. पायरीवर क्षणभर थांबल्या, मग डोक्यावरचा पदर सारखा करून आत आल्या आणि भिंतीच्या बाकावर अगदी कडेला बसल्या.

नाव टाकायला आईचं प्रतिज्ञापत्र लागतं. ते मीच लिहून आणलं होतं, स्टँप पेपरवर, माझ्या प्रसिद्ध अक्षरात. अण्णाजींचा नियम असा की ज्याला वाचता येत नाही त्याला कागद मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. मी आनंदाबाई, वय अंदाजे पन्नास, शपथेवर सांगते की सदर नोंदीतील मुलगी ही माझी मुलगी जया हीच असून मला एकच अपत्य झाले. त्याआधी किंवा त्यानंतर मला मूल झालेले नाही.

घरी लिहिताना ते वाक्य मला अगदी बिनचूक वाटलं होतं. अण्णाजींच्या तोंडून ऐकताना तसं वाटेना.

“बरोबर हाये, बाई?” अण्णाजींनी विचारलं. “एकच झाली तुमाले?”

आनंदाबाईंनी जयाकडं बघितलं. जया रजिस्टरच्या उघड्या पानाकडं बघत होती.

“हो,” आनंदाबाई म्हणाल्या. “एकच झाली.”

अण्णाजींनी शाईचा पॅड पुढं सरकवला. आनंदाबाई उठल्या, अंगठा पॅडवर दाबला, आणि कागदाकडं हात नेला. जयानं त्यांचं मनगट धरलं.

“नाई, अण्णाजी. दोन झाल्या.”

“जया, राहू दे. मी सांगतलं ना.”

“तू सांगतलं वं, आई. मलेच नाई आयकवलं.”

मी मध्ये पडलो. चार दिवस राहिले आहेत, अगं ही संधी पुन्हा नाही, पुढच्या वर्षी तू अटीतच नाहीस, असं काहीबाही बोललो. खरं सांगायचं तर मी विनवण्या करत होतो, आणि तिच्यासाठी करत होतो की माझ्यासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. ती गेली असती तर माझी चूक धुतली गेली असती ना! जयानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग प्रतिज्ञापत्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली. फोन काढला, त्या भल्या बाईला दोन ओळींचा मेल लिहिला. मी विचारलं काय लिहिलंस. म्हणाली, माझ्या जन्माची नोंद नाही एवढंच लिहिलं, आणि आभार मानले.

हे झालं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. भिंतीला हात लावून ती क्षणभर उभी राहिली. अण्णाजींनी माठातलं पाणी आणून दिलं. ती प्यायली, आणि आईशेजारी बाकावर बसली.

“आई, नाव काय ठेवनार होती तिचं?”

आनंदाबाईंचा शाईचा अंगठा तसाच वर धरलेला होता, लुगड्याला लागू नये म्हणून. मला वाटलं आठवत नसेल, तीस वर्षं झाली.

“मंजुषा,” त्या म्हणाल्या. “दवाखान्यात सिस्टर होती तिचं नाव. लय मायेनं बोले मह्याशी. बारशाले सांगीन म्हनलं होतं. तुह्या बाबाले पन नव्हतं सांगतलं.”

जयानं अण्णाजींना सांगितलं, की ही नोंद तिची, नवव्या दिवशी ती गेली, तिचंच नाव टाकायचं. अण्णाजी म्हणाले, की गेलेल्या लेकराचं नाव टाकायला आजवर कोणी आलं नाही, त्याचा उपयोगही काही नाही. मग थोडं थांबून म्हणाले, पण कायद्यात मनाई नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं ठेवला.

अर्ज मी लिहिला. शेकड्यांनी पोरं मी रजिस्टरात चढवली असतील, पण आईला विचारून, तिनं सांगितलं तसंच्या तसं लिहिलेलं हे पहिलं नाव. काना मात्रा नीट काढायला मला वेळ लागला. आनंदाबाईंनी अंगठा दिला, जयानं साक्षीदार म्हणून सही केली. अण्णाजींनी रजिस्टर जवळ ओढलं, पेन झटकलं, आणि त्या कोऱ्या रकान्यात नाव लिहिलं. लिहिताना त्यांनी ते एकदा मोठ्यानं म्हटलं.

आनंदाबाई टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. कुठं लिहिलं ते मला विचारलं. मी दाखवलं. वाकून बघत राहिल्या, वाचता येत नसलं तरी अक्षर ओळखीचं असावं तशा.

“आता किती वर्साची असती ते?”

हे त्यांनी मला विचारलं नाही, जयाला विचारलं.

“एकोनतीस,” जया म्हणाली. “नोव्हेंबरात तीस.”

“मंग तिले जाता आलं असतं.”

जयानं मान हलवली. आनंदाबाईंनी बोट पुढं केलं. अण्णाजी हळू आवाजात म्हणाले, की बाई, शाई ओली आहे. त्यांनी बोट मागं घेतलं नाही, टेकवलंही नाही. त्या ओळीच्या जरा वर धरून ठेवलं, आणि वाळायची वाट बघत उभ्या राहिल्या.